गिनीपिगाची निगा आणि सोबत



गिनीपिग हें नांव उच्चारलें कीं आपल्यापैकीं बहुतेकांच्या डोळ्यांपुढें प्रयोगशाळा उभी राहते. 'आमच्यावर प्रयोग करायला आम्ही काय गिनीपिग आहों?' असें आपण रागानें म्हणतों, तें उगीच नव्हे. परंतु आज मी त्याच्याविषयीं बोलणार आहें, तो मुलाबाळांच्या सोबतीनें घरांत राहणारा एक पाळीव प्राणी म्हणून. मुंबई-पुण्याच्या घरांतून तो आतां पुष्कळ दिसतो. त्याला जागा थोडी लागते, तो भुंकत नाहीं, सहसा चावत नाहीं, म्हणून आईबाप मुलाच्या हट्टाला मान देऊन तो घेऊन येतात. आणि येथूनच त्या बिचाऱ्याच्या हालांना आरंभ होण्याचा संभव असतो. कारण जो जीव तक्रार करीत नाहीं, त्याची काळजी घ्यावी हें आपल्याला सुचतच नाहीं.

मी पशुवैद्य नव्हें. महाड तालुक्याच्या खाडीपट्ट्यांत तुडील या गांवीं राहणारा मी एक निवृत्त शिक्षक आहें. या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार एवढाच कीं, मीं एक मोठी चूक केली, आणि ती कशी झाली हें मला आतां समजलें आहे.

माझी धाकटी बहीण मुंबईस असते. तिचा दहा वर्षांचा मुलगा एका मे महिन्याच्या सुटींत आजोळीं आला, तो वेताच्या करंडींत एक गिनीपिग घेऊन. तपकिरी-पांढऱ्या अंगाचा, आखूड पायांचा, शेपूट म्हणून नसलेला तो जीव पाहतांच माझ्या आईनें कपाळाला हात लावला.

"अरे, उंदीर काय घेऊन आलास?"

"उंदीर नाहीं गं आजी, गुंडू आहे तो," नातवानें सांगितलें. आणि दोन दिवसांत गुंडू आजीच्या पदराखालीं झोपूं लागला.

जूनमध्यें शाळा उघडण्याची वेळ आली तेव्हां बहीण मला म्हणाली, "दादा, याला दिवाळीपर्यंत इथेंच ठेवतोस का? आम्ही सगळीं दिवसभर बाहेर, आणि हा खोलींत एकटाच असतो." मीं मोठ्या आनंदानें होकार दिला. खेड्यांतील मोकळी हवा, गोठा, गवत; आणखी काय पाहिजे, असें मला वाटलें.

गोठ्यांत भाताचा पेंढा होता, तो मीं त्याला भरपूर घातला. भाकरीचा तुकडा, मूठभर तांदूळ, कधीं काकडीची फोड, एवढा त्याचा आहार. पावसांत भिजलेलें गवत पोटाला बाधेल या भीतीनें हिरवी काडी म्हणून दिली नाहीं. त्याचे केस दाट व फुगीर; वरून पाहतां तो गुबगुबीतच दिसे. आषाढांत त्याचें बागडणें थांबलें. पावसाळी हवेनें सुस्तावला असेल, असें आम्ही म्हटलें. पुढें एके दिवशीं तो मागचा पाय ओढूं लागला, आणि उचलतांच केविलवाणा ओरडला. तेव्हां कोठें मी त्याला घेऊन पशुवैद्यांकडे गेलों.

त्यांनीं प्रथम त्याला तराजूंत ठेवलें. वजन भरलें ५४० ग्रॅम.

"तुमच्याकडे आला तेव्हां किती होता?" त्यांनीं विचारलें. मला ठाऊक नव्हतें. मीं त्याला एकदांही तोलला नव्हता. मागाहून कळलें कीं भाच्याच्या वहींत वजन लिहिलेलें होतें, ९१० ग्रॅम. म्हणजे त्या फुगीर केसांच्या आड, माझ्या डोळ्यांदेखत, त्याचें वजन एक-तृतीयांशाहून अधिक घटलें होतें.

त्याचे सांधे सुजले होते, हिरड्यांतून रक्त येत होतें. वैद्य म्हणाले, "गुरुजी, याला स्कर्व्ही झाला आहे. जीवनसत्त्व 'क' मिळालें नाहीं. तुमच्या अंगणांत पेरूचें झाड नाहीं का?"

श्रोतेहो, पेरूचें झाड माझ्या अंगणांत आहे. त्या दिवसांत त्याखालीं फळें पडून कुजत होतीं.

औषध दिलें, पिचकारीनें पातळ अन्न भरविलें; पण फार उशीर झाला होता. चौथ्या रात्रीं गुंडू गेला. मीं भाच्याला दूरध्वनीवरून सांगितलें. तो बराच वेळ बोलला नाहीं. मग त्यानें विचारलें, "मामा, तो एकटा होता म्हणून गेला का?"

या प्रश्नाचें उत्तर शोधण्यासाठीं मीं जें वाचलें, जाणत्यांना विचारलें, आणि पुढें दोन माद्या बाळगून जें पाहिलें, तें आज आपणांस सांगतों.

प्रथम हा प्राणी कोण तें पाहूं. नांवांत 'पिग' असलें तरी तो डुक्कर नव्हे, आणि 'गिनी' असलें तरी तो आफ्रिकेंतील गिनीचा नव्हे. तो उंदीर-खारींप्रमाणें कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या वर्गांतला. मूळचा दक्षिण अमेरिकेंतील अँडीज पर्वताच्या प्रदेशांतला. पेरू, बोलिव्हिया या देशांतील लोकांनीं हजारों वर्षांपूर्वीं त्याला माणसाळविलें. तेथें तो मांसासाठीं पाळीत, आजही पाळतात. सोळाव्या शतकांत स्पॅनिश लोकांबरोबर तो युरोपांत गेला आणि तेथें घरांतील लाडका झाला. पेरू देशाच्या या पाहुण्याला माझ्या घरीं पेरू फळ मिळूं नये, हा दैवाचा खेळ म्हणावा कीं माझें अज्ञान?

बहुतेक प्राण्यांच्या शरीरांत जीवनसत्त्व 'क' आपोआप तयार होतें. गाय, कुत्रा, मांजर, उंदीर यांना तें बाहेरून मिळावें लागत नाहीं. माणूस, माकड आणि गिनीपिग यांना मात्र तें अन्नांतूनच घ्यावें लागतें. या बाबतींत तो आणि आपण एका पंक्तीचे. म्हणूनच १९०७ सालीं नॉर्वेंत होल्स्ट व फ्रलिक या दोघां शास्त्रज्ञांनीं गिनीपिगांना नुसत्या धान्यावर ठेवलें, तेव्हां खलाशांना होणारा स्कर्व्ही त्यांना झालेला दिसला. या एका निरीक्षणानें त्या रोगाचें मूळ शोधण्याचा मार्ग मोकळा झाला. पुढें १९३२ सालीं जीवनसत्त्व 'क' म्हणजे नेमका कोणता पदार्थ याचा निकाल लागला, तोही गिनीपिगांवरील प्रयोगांनींच. मीं गुंडूला भाकरी-तांदुळावर ठेवलें, म्हणजे होल्स्ट-फ्रलिकांचाच प्रयोग नकळत पुन्हा केला. फरक एवढाच कीं, त्यांना कांहीं शिकावयाचें होतें आणि मला तें आधींच ठाऊक असावयास हवें होतें.

आपल्या मुंबईवरही या प्राण्याचें ऋण आहे. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग शिरला आणि पुढें वर्षानुवर्षें हटेना. तो पसरतो कसा हें शोधण्यासाठीं १९०५ पासून परळच्या प्रयोगशाळेंत एक संशोधक मंडळ काम करूं लागलें. प्लेगच्या घरांतून गिनीपिग मोकळे सोडण्यांत आले. उंदरांच्या पिसवा त्यांच्या अंगावर गोळा झाल्या आणि त्यांतील पुष्कळ प्लेगनें मेले. जे पिसवांच्या उडीबाहेर उंच टांगलेल्या पिंजऱ्यांत होते, ते वांचले. हवा तीच, घर तेंच. भेद फक्त पिसवेचा. अशा रीतीनें उंदीर आणि माणूस यांमधला दुवा म्हणजे पिसू, ही गोष्ट पक्की झाली. ज्याच्या मरणानें आपल्या घरांतलीं माणसें वांचलीं, तो घरीं आला तर त्याचें करणें हा लाड नव्हे, ती परतफेड आहे.

आतां आहार. त्याच्या आहाराचा मुख्य भाग म्हणजे गवत, चांगलें वाळलेलें, हिरवट छटेचें, सुवासिक गवत. आणि तें त्याच्यापुढें अहोरात्र असलें पाहिजे. याचीं कारणें दोन. त्याचे वीसही दांत आयुष्यभर वाढत राहतात आणि गवत चावूनच ते झिजतात. दुसरें म्हणजे, त्याचें आंतडें सतत चालतें राहावें लागतें. तें थांबलें कीं प्राण धोक्यांत. कोंकणांत पावसाळ्यानंतर कापून वाळविलेलें माळावरचें गवत यास चांगलें. भाताचा पेंढा हा गवताला पर्याय नव्हे. त्यांत सत्त्व फार थोडें. बुरशी आलेलें, वास येणारें गवत मात्र कधींही घालूं नये. त्याच्या जोडीला रोज मूठभर हिरवा पाला आणि 'क' जीवनसत्त्वासाठीं भोपळी मिरची, कोथिंबीर किंवा पेरूची लहानशी फोड द्यावी. दर किलो वजनामागें रोज सुमारें १० ते ३० मिलिग्रॅम 'क' त्याला लागतें. १०० ग्रॅम पेरूंत तें २०० मिलिग्रॅमच्या आसपास असतें, म्हणून अंगठ्याएवढी फोड पुरते. फळांत साखर असल्यामुळें अधिक देऊं नये. पाण्यांत औषधाचे थेंब टाकून ठेवण्याची पद्धत चांगली नाहीं. तें जीवनसत्त्व पाण्यांत लवकर नासतें. कांदा, लसूण, बटाट्याचा पाला, दूध, पाव, मिठाई हीं त्याच्यासाठीं नव्हेत. तो स्वतःची कांहीं मऊ लेंडी खातो, हें पाहून किळस करूं नये. त्यांतून त्याला पोषण मिळतें, तो निसर्गनियम आहे.

आतां केस विंचरणें, नखें कापणें या गोष्टींकडे वळूं. पुष्कळ लोक यास शोभेचें काम समजतात. मीही समजत होतों. माझें आजचें म्हणणें हेंच कीं, विंचरणें ही शोभा नसून तपासणी आहे. रानांत ज्यांची शिकार होते, ते प्राणी आपलें दुखणें लपवितात. दुर्बळ दिसला तो आधीं मारला जातो. गिनीपिग हा वारसा आपल्या घरींही सोडीत नाहीं. तो सांगणार नाहीं, म्हणून आपल्या हातानें विचारलें पाहिजे.

आठवड्यांतून एक ठरलेला वार असावा. आमच्याकडे तो रविवार. जमिनीवर बसावें, मांडीवर टॉवेल पसरावा. उंचावरून पडला तर त्याचे दांत वा हाडें मोडतात. एक हात छातीखालीं व दुसरा मागच्या अंगाखालीं घालूनच त्याला उचलावा. मग पहिलें काम वजनाचें. स्वयंपाकघरांतला साधा काटा पुरे. वजन तारखेसह वहींत लिहावें. पूर्ण वाढलेला गिनीपिग साधारणपणें ७०० ते १,२०० ग्रॅम भरतो. पण खरें महत्त्व आकड्यास नसून फरकास आहे. आठवड्यांत ५० ग्रॅम उतरले तर सावध व्हावें, १०० उतरले तर पशुवैद्यांकडे जावें.

नंतर मऊ कुंचा केसांच्या दिशेनें फिरवावा. आखूड केसांच्या जातीस आठवड्यांतून एकदां पुरतें; लांब केसांच्या जातींस, आणि गंमत अशी कीं त्यांतील एकीचें नांवही पेरूव्हियनच आहे, रोज विंचरावें लागतें आणि मागील बाजूचे केस कातरून आखूड ठेवावे लागतात, नाहीं तर ते मुतानें भिजून कातडीला जखमा होतात. केस बाजूस सारून कातडी पाहावी. कोंडा, चट्टे, खपल्या दिसल्या आणि तो अंग वेड्यासारखें खाजवीत असला, तर ती खरूज समजावी. ती इतकी असह्य असते कीं प्राण्याला झटके येतात. तोंडावर वाटोळे, केस गेलेले डाग असतील तर तें गजकर्ण. तें मुलांनाही लागतें, म्हणून हात साबणानें धुवावे. पुढचे दांत सरळ आहेत ना, हनुवटी लाळेनें ओली नाहीं ना, तळपाय लाल वा सुजलेले नाहींत ना, हें पाहावें. डोळ्यांतून कधीं दुधासारखा पांढरा थेंब येतो आणि त्यानें तो तोंड धुतो. तो रोग नव्हे. पण डोळ्याला वा नाकाला चिकट स्राव असला, श्वासाला घरघर असली, तर वाट पाहूं नये.

नखें महिन्याकाठीं कापावीं. पुढच्या पायांस चार व मागच्यांस तीन बोटें, अशीं एकूण चौदा नखें. फिकट नखांत लाल शीर दिसते, तिच्या अलीकडे कापावें. काळीं नखें असतील तर मागून विजेरी धरावी. चुकून रक्त आलें तर मक्याचें पीठ दाबून धरावें. स्नान मात्र क्वचितच, अगदीं घाण झाला तरच, कोमट पाण्यानें. आणि मग पूर्ण कोरडा केल्याशिवाय सोडूं नये. पावसाळ्यांत तर शक्यतों नकोच.

आमच्या कोंकणांतले दोन ऋतु या प्राण्याला कठीण. डोंगरी थंड हवेचा तो; त्याला घाम येत नाहीं. पारा ३० अंशांच्या वर गेला कीं त्याला उष्म्याचा झटका येऊं शकतो, आणि उन्हाळ्यांत आमच्याकडे पारा त्याच्या बराच वर असतो. तेव्हां पिंजरा पत्र्याखालीं किंवा खिडकीच्या उन्हांत ठेवूं नये; शेणानें सारवलेली जमीन उत्तम. पाण्यांत भिजवून ठेवलेलें एक कौल आंत टाकावें. त्यावर तो पोट टेकून आनंदानें पडून राहतो. पावसाळ्यांत उलट. रायगड जिल्ह्यांत वर्षाला ३,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. अंथरूण ओलें राहिलें कीं तळपायांस जखमा, श्वासाचे विकार, बुरशी हीं आलींच. जुन्या गोधडीचे तुकडे अंथरावे, रोज बदलावे, ऊन पडेल तेव्हां वाळवावे. पिंजरा उंदरांपासून व सापांपासून सुरक्षित असावा. आणि नदीकांठच्या लोकांनीं एक करंडी सदैव तयार ठेवावी. २०२१ च्या जुलैंत सावित्रीचें पाणी महाडांत शिरलें, तेव्हां माणसांनाच माळ्यावर चढावयास वेळ थोडा मिळाला. पिंजऱ्यांतला जीव स्वतः चढूं शकत नाहीं.

औषधांविषयीं एकच सांगतों. घरांतल्या माणसाची गोळी त्याला कधींही देऊं नये. पेनिसिलीन वा त्या कुळांतील औषध तोंडावाटें दिलें तर त्याच्या आंतड्यांतले उपयोगी जंतु मरून तोच दगावतो. अर्धा-एक दिवस त्यानें कांहीं खाल्लें नाहीं, तर 'उद्यां बघूं' असें म्हणूं नये. त्याच्या बाबतींत तो उद्यां पुष्कळदां उगवत नाहीं.

आतां भाच्याच्या प्रश्नाकडे येतों. गुंडू एकटेपणानें गेला काय? खरें उत्तर असें कीं, त्याला मारलें माझ्या अज्ञानानें; पण एकटेपणानें तें अज्ञान झांकलें. हा कळपाचा प्राणी आहे. दोघे असतात तेव्हां ते अखंड बोलतात. कधीं लाडिक गुरगुर, कधीं दांतांचा कडकडाट, जेवणाच्या वेळीं शिट्टीसारखी हांक, आणि आनंद झाला कीं जागच्या जागीं चारी पायांवर टुणकन् उडी. एकटा असला कीं यांतलें पुष्कळ बंद पडतें. आणि तो गप्प राहिला तर 'शांत स्वभावाचा' म्हणून आपण त्याचें कौतुक करतों. दोघांतला एक जेवणाला धांवला आणि दुसरा कोपऱ्यांत राहिला, तर तुलना समोरच असते. सोबत ही अशी दुखण्याचीही खूण देते. स्वित्झर्लंडनें २००८ सालीं नियमच केला कीं गिनीपिग एकटा पाळूं नये. माणसानें दिवसांतून तासभर खेळविलें म्हणजे जातभाईची उणीव भरते, असें नाहीं. ससाही चालत नाहीं. त्याच्या लाथेनें इजा होते आणि त्याच्याकडून श्वासाचा रोग लागतो.

जोडी करावी ती दोन माद्यांची, किंवा खच्ची केलेला नर व मादी. नर-मादी तशींच ठेवलीं तर साधारण दोन महिन्यांत पिलें होतात, आणि वय उलटून गेल्यावर प्रथम गाभण राहिलेल्या मादीचा कटिभाग जुळून गेल्यामुळें ती पुष्कळदां विण्यांतच मरते. विकणारे नर-मादी ओळखण्यांत चुकतात, म्हणून घरीं आणण्यापूर्वीं पशुवैद्यांना दाखवावें. नवा आलेला दोन-तीन आठवडे वेगळा ठेवावा, मग दोघांची भेट कोणाच्याच नसलेल्या जागेंत घडवावी. दोघांना सात-आठ चौरस फूट तरी मोकळी जमीन आणि लपावयास दोन वेगळीं घरें असावींत. हा प्राणी पांच ते आठ वर्षें जगतो. दहा वर्षांच्या मुलाला तो दिला, तर तो कॉलेजांत जाईपर्यंतचा हा करार आहे हें वडीलधाऱ्यांनीं ध्यानांत धरावें.

दुसऱ्या वर्षीं मे महिन्यांत भाचा आला तो दोन माद्या घेऊन, चिंगी आणि ठकी. बरोबर त्याची ती वही होती. जातांना यंदां त्यानें त्या माझ्यापाशीं ठेवल्या नाहींत, आणि मींही 'ठेव' म्हणालों नाहीं. गणपतींत तो पुन्हां आला, तेव्हां मात्र त्यानें वही माझ्या हातांत दिली आणि म्हणाला, "मामा, या रविवारीं तुम्ही करा वजन. मी बघतों."

मीं चिंगीला तराजूंत ठेवलें, आंकडा वाचला, तारीख घालून लिहिला. मग ठकीचा. माझ्या आईनें तोंवर अंगणांतून पेरू आणून त्याच्या दोन सारख्या फोडी केल्या होत्या. "आधीं कोणाला देऊं?" तिनें विचारलें. "दोघींना एकदम दे, आजी," भाचा म्हणाला.

ती वही त्या दिवाळीला त्यानें परत नेली नाहीं. चिंगी-ठकींसह ती आतां तुडीलला आहे. आपल्या घरीं असा एखादा मुका सोबती असेल, तर आपणही आजच एक वही घालावी, आणि तो एकटा असेल तर त्याला जोडीदार पाहावा.